देवासचे दोन षड्ज

१

बेळगावाहून मिरजेकडे निघालेली गाडी सुळेभावी नावाच्या लहानशा स्टेशनावरून जाते. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाटी खिडकीतून वाचली असेल आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत विसरलेही असतील. त्या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखले. घरची भाषा कानडी, गाण्याची तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे मराठी वातावरणात, आणि आयुष्याची अखेरची चव्वेचाळीस वर्षे माळव्यात, देवासला. आपल्या जिल्ह्याने जगाला दिलेला आणि फिरून कधी कायमचा परत न आलेला असा हा माणूस.

कुमारांच्या गाण्याविषयीचा एक आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आक्षेप घेणारी मंडळी अडाणी नव्हती, चांगली कानसेन होती. त्यांचे म्हणणे असे की, कुमारांचा सूर लागतो तेव्हा अंगावर काटा येतो हे खरे, पण ख्यालाला एक बांधणी असते. आधी विलंबित लयीत सुरासुराने बढत, मग बोलआलाप, मग बोलतान आणि शेवटी तान, अशी इमारत पायापासून कळसापर्यंत चढत गेली पाहिजे. कुमारांच्या गाण्यात कोरीव दगड पुष्कळ आहेत, इमारत मात्र नाही.

हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. तो खरा असेल तर कुमार मोठे गायक न ठरता मोठ्या क्षणांचे गायक ठरतात, आणि या दोहोंत फार अंतर आहे. त्याचा विचार करण्यासाठी मी जरा लांबची वाट घेणार आहे. ती धारवरून निघते, व्हिएन्नाला जाऊन येते आणि मग देवासला पोचते. वाचकांनी थोडा धीर धरावा.

माझी आत्या धारला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे धारचे काका, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. पवारांबरोबर माळव्यात गेलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. त्यांच्याकडे दोनच चैनी होत्या, दुपारचा चहा आणि ग्रामोफोन. १९७० च्या सुमारास एका मे महिन्याच्या सुट्टीत, बाहेर रस्ता तापलेला असताना, त्यांनी एक तबकडी लावली आणि मला समोर बसवले.

"ध्यान देऊन ऐक," काका म्हणाले.

"ऐकूलालोय की," मी म्हणालो, आणि स्वयंपाकघरातून आत्या मोठ्याने हसली. माहेरचे ते 'लालोय' तिच्या कानावर फार दिवसांनी पडले होते. मला मात्र तिच्या घरातले 'ध्यान देऊन' आणि 'सामान जमवून ठेव' हे मराठी चमत्कारिक वाटे.

तबकडी गायनाची नव्हती. चार तंतुवाद्ये वाजत होती. पहिले चार स्वर झाल्यावर काकांनी सुई उचलली आणि म्हणाले, "हे म्हणून दाखव. प, सा, रे, मंद्र प." मी म्हटले. "हा साहेबलोकांचा तंबोरा जुळतोय असं समज. आता पुढे या चार सुरांचं काय होतं ते मोजत राहा."

२

ती रचना जोसेफ हायडनची होती. हायडनचा (१७३२–१८०९) सहा चौकड्यांचा एक संच १७९९ साली छापून निघाला. त्यातली दुसरी, डी मायनरमधली, 'पंचमांची चौकडी' म्हणून प्रसिद्ध आहे. चौकडी म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो. या प्रकाराला तिकडे खोलीतले संगीत म्हणतात. त्याला सभागृह लागत नाही की हातात छडी घेऊन उभा राहणारा संचालकही लागत नाही. आपल्या घरगुती बैठकीशी त्याचे नाते आहे. चौकडी ऐकणे म्हणजे चार समंजस माणसांचा संवाद ऐकणे, अशा अर्थाचे काहीतरी जर्मन कवी गटे याने आपल्या मित्राला लिहिले होते.

संवादाचा विषय सुरुवातीलाच वरचे व्हायोलिन मांडते. डी हा षड्ज धरला तर पंचमावरून खाली षड्जावर, मग ऋषभावरून खाली मंद्र पंचमावर. दोन-दोन मात्रांचा एकेक स्वर, आठ मात्रांत चार स्वर. दोन्ही उड्या सारख्याच, षड्ज-पंचम भावाच्या. तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या कानाला यात परके काही नाही. सप्तकही ओळखीचे: गांधार आणि धैवत कोमल, म्हणजे आसावरीच्या जवळचे. फक्त वर षड्जाकडे जाताना निषाद शुद्ध होतो.

आता बांधणीकडे वळू. या पहिल्या भागाची जी घडण आहे तिला सोनाटा-बंध म्हणतात. तिचे तीन टप्पे सांगतात: मांडणी, विस्तार आणि पुनर्मांडणी. पण ही नावे पाठ करून काही कळत नाही. कळण्याची किल्ली मांडणीतच घडणाऱ्या एका घटनेत आहे. थोड्याच वेळात षड्ज हलतो.

हे आपल्या पद्धतीने असे सांगता येईल. आसावरी थाटाचा कोमल गांधार हाच षड्ज मानला की बिलावल थाट उभा राहतो. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. गवई ती क्षणभर दाखवतो, श्रोते वाहवा करतात आणि लगेच तंबोरा त्याला हात धरून घरी आणतो. हायडनच्या चौकडीत तंबोरा नाही. खालचा चेलोच आपली जागा सोडून त्या गांधारावर जाऊन बसतो. म्हणजे घरातला माणूस फिरायला गेला असे होत नाही, घरच दुसऱ्या गावी हलते. डी मायनरचे एफ मेजर होते. कोमल सुरांचा काळोख निवतो आणि सगळे उजळते. यापुढची मांडणी या दुसऱ्या षड्जावर होते आणि तिथेच संपते.

इतर रचनाकार या दुसऱ्या ठिकाणी बहुधा नवी चाल आणतात. हायडनला तशी गरज भासत नाही. त्याचे चार स्वर इथेही हजर असतात, कधी वर, कधी खालच्या वाद्यांत, नव्या उजेडात. तीच व्यक्ती दुसऱ्या घरी जाऊन रमली आहे असे वाटते.

मग विस्तार. इथे पंचमाची उडी उलटी होते, खालून वर जाऊ लागते. एका वाद्याची उडी पुरी व्हायच्या आत दुसरे तीच उडी घेते. पायाखालचा षड्ज सारखा बदलत राहतो. काही काळ असा जातो की घर कुठले, असे विचारले तर ऐकणाऱ्याला बोट दाखवता येत नाही. आणि मग पुन्हा तेच चार स्वर, त्याच व्हायोलिनवर, त्याच जागी येतात. प, सा, रे, प. लिहिलेले स्वर तेच आहेत. पण आता ते तंबोरा जुळवल्यासारखे वाटत नाहीत, दार उघडून कोणी आत आल्यासारखे वाटतात.

यानंतर जे घडते ते या बंधाचे मर्म आहे. मांडणीत दुसऱ्या षड्जावर जे जे वाजले होते त्याला आता घरच्या षड्जावर यावे लागते. एफ मेजरमध्ये जे उजळून निघाले होते ते डी मायनरमध्ये, कोमल गांधाराच्या छायेत वाजते. मेजरमधल्या रचनेत हे परत येणे सुखाचे असते. मायनरमधल्या रचनेत मात्र त्याची किंमत द्यावी लागते. घरी येता येते, पण तिथला आनंद तिथेच ठेवून यावा लागतो. हायडनने पुष्कळ मायनर रचनांच्या शेवटी कोवळे ऊन पाडले आहे. याच चौकडीचा चौथा भागही मेजरमध्ये संपतो. या पहिल्या भागात मात्र तो तशी सवलत देत नाही. हा भाग मायनरमध्येच मिटतो.

सुई उचलून काका म्हणाले, "आता सांग, पहिले चार सूर आणि हे परत आलेले चार सूर एकच का?" मी गप्प बसलो. गणिताने ते एकच होते.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. सोनाटा-बंध हे नाव हायडनला ठाऊक नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी ए. बी. मार्क्स या बर्लिनच्या अभ्यासकाने ते रूढ केले आणि मग पाठ्यपुस्तकांत त्याचा साचा झाला. गंमत अशी की, त्या साच्यावर मोजू लागल्यावर खुद्द हायडनच नियम मोडणारा ठरू लागला, कारण दुसऱ्या ठिकाणी त्याने वेगळी चाल दिलेली नसते! १९७१ साली चार्ल्स रोझेन या पियानोवादक समीक्षकाने आपल्या ग्रंथात हे गणित उलटे मांडले. त्याच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, सोनाटा म्हणजे ठरलेल्या कप्प्यांची पेटी नव्हे. ताण कुठे निर्माण केला आणि तो कुठे, किती प्रमाणात सोडवला, याची ती जाणीव आहे. माझ्या भाषेत सांगायचे तर बंध हा क्रमाचा नसतो, तो देण्याघेण्याचा असतो. घराबाहेर जे नेले ते घरी आणून पोचवले का, हा त्याचा प्रश्न.

३

आता देवास. जुन्या माणसांना देवास म्हटले की दोन गाद्या आठवतात. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांपासून अठराव्या शतकात एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदू लागली. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. सोनाटातली मांडणी समजावून सांगायला मला याहून चांगला दाखला सुचत नाही. एका गावात दोन षड्ज, आणि दोघेही आपणच मूळ असे म्हणणारे. १९४८ साली दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या आणि ती मांडणी संपली.

थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार काही महिने खासगी चिटणीस होता. देवासच्या त्याच्या आठवणी आणि पत्रे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध झाली. फॉर्स्टर युरोपीय संगीताचा मोठा चाहता. बेथोव्हनच्या सिंफनीवर त्याने एका कादंबरीत अख्खा प्रसंग उभा केला आहे. अशा माणसाला देवासच्या राजवाड्यात पियानो सापडले ते कसे? नवे कोरे आणि निरुपयोगी! माळव्याच्या कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या आणि पट्ट्या अडकून बसल्या होत्या.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, क्षयाने आजारी असलेले तेवीस वर्षांचे कुमार गंधर्व पत्नी भानुमतींसह देवासला आले. कशासाठी? तर त्याच कोरड्या हवेसाठी. जिने पियानो तडकवले तिनेच एक फुप्फुस सांभाळले. पाचेक वर्षे गाणे बंद. खाटेवर पडून राहायचे आणि बाहेरून जे कानावर येईल ते ऐकायचे. बाया लग्नाची, ऋतूंची, देवीची गाणी म्हणत. नाथपंथी गायक निर्गुणी भजने म्हणत. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या त्या धुना. कुमारांच्या विचाराचे बीज इथे पडले. राग हा पंडितांनी बसून बनवलेला नाही, तो लोकधुनेत आधीच असतो. तो तिच्यातून उगवतो. म्हणून त्यांच्या नव्या रागांना 'धुनउगम' म्हणतात. १९६५ साली 'अनूपरागविलास' निघाला तेव्हा हा विचार स्वरलिपीसह लोकांपुढे आला.

इथे हायडनची आठवण येणे साहजिक आहे. एस्टरहाझी घराण्याच्या आडबाजूच्या वाड्यात वर्षानुवर्षे नोकरी करताना, जगापासून तुटल्यामुळेच मला स्वतःचे काही शोधावे लागले, असे तोही सांगत असे. चार स्वरांवर भागवण्याची ताकद दोघांचीही. पण साम्य इथेच थांबवतो. देवधर मास्तरांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला होता हे खरे असले तरी त्यावरून शिष्याच्या ख्यालात हायडन शोधणे हा खुळेपणा होईल. मला प्रभाव दाखवायचा नाही, मोजण्याचे माप तपासायचे आहे.

४

ख्यालात षड्ज हलत नाही. तंबोरा तसे होऊ देत नाही. मग ताण कशात असतो?

पहिले उत्तर: स्थायी आणि अंतरा. स्थायी बहुधा सप्तकाच्या खालच्या अंगात नांदते, अंतरा तार षड्जाकडे झेपावतो. हे दोन पक्ष झाले. पण अंतरा काही नव्या गावी घर करत नाही. तो गच्चीवर जाऊन येतो. दुसरे आणि खरे उत्तर: मुखडा आणि सम. दर आवर्तनाला गवई बाहेर पडतो आणि मुखडा पकडून समेवर येतो. सोनाटात परत येणे एकदाच घडते. ख्यालात ते पन्नास वेळा घडते.

यातून दोन्हींच्या अडचणी एकमेकींच्या उलट होतात. सोनाटाला एकुलते पुनरागमन लांबवत न्यायचे असते. ख्यालाला पन्नास पुनरागमने एकमेकांसारखी होऊ द्यायची नसतात. सम आली की मान हलवायची हा आपला धर्मच आहे, पण नुसती वेळेवर आलेली सम ही टपालासारखी असते. पाकिटात काही आहे का, हे उघडून पाहावे लागते.

ही अडचण माळव्यातल्याच दोन मोठ्या गायकांनी दोन तऱ्हांनी सोडवली. पहिले इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४). त्यांच्या तानेवर देवासच्या उस्ताद रजब अली खाँसाहेबांचा ठसा आहे असे जाणकार सांगतात. अमीर खाँसाहेबांची मारव्याची तबकडी पुष्कळांच्या घरी असे. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत प्रबळ, आणि षड्ज जाणूनबुजून दूर ठेवलेला. घरासमोरून जायचे, दिवा दिसतो, पण आत शिरायचे नाही, अशी त्या रागाची रीत. खाँसाहेब लय इतकी संथ ठेवतात की सम दोन डोंगरांमधल्या गावासारखी क्वचितच येते. पुष्कळदा ते अंतरा गातच नसत. एकच लांब चढण, आणि शेवटी लाभलेला षड्ज. परत येणे दुर्मिळ करून त्यांनी ते मौल्यवान केले. आक्षेपकांना जी इमारत हवी असते तिचा हा नमुना म्हणता येईल.

कुमारांनी उलट केले. त्यांनी परत येणे वारंवार ठेवले आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बदलला. त्यांचा मधसुरजा घ्या. हा माध्यान्हीच्या सूर्याचा राग. देवासच्या टेकडीवर देवीचे ठाणे आहे. बंदिश आहे ती बळी द्यायला नेलेल्या बकऱ्याच्या तोंडी, आणि मुखडा म्हणजे आईला घातलेली हाक. आता ख्यालाचा नियमच असा की मुखडा फिरून फिरून म्हणायचा. एरवी जो संकेत असतो तो इथे नियती होतो. जीव वाचवण्यासाठी हाक मारणारा दुसरे काय करणार? तीच हाक पुन्हा मारणार! पहिल्यांदा ती चाल वाटते. चारदोन आवर्तनांनी ती विनवणी होते. पुढे पुढे त्या सुरांत काही न बदलता असे वाटू लागते की ऐकणारे कोणी नाही, हे हाक मारणाऱ्याला कळून चुकले आहे. मधल्या जागा, ते आखूड आलाप, अचानक तुटणारी तान आणि मग शांतता, हे सारे त्या हाकेला अधिकाधिक जड करत जाते. इथे बढत सुरांची नाही, मुखड्याच्या अर्थाची आहे.

म्हणून आक्षेपकांना माझे उत्तर असे. तुम्ही इमारत शोधता आहात. धार हे भोजाचे गाव, आणि 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ भोजाच्याच नावावर आहे, तेव्हा इमारतीच्या उपमेचा मला आदरच आहे. पण इमारतीचा पाया आणि कळस एका नजरेत दिसतात. गाण्याचा पाया कळस येईपर्यंत विरून गेलेला असतो, तो फक्त आपल्या स्मरणात उरतो. गाण्याची बांधणी तिथे, स्मरणात होते. आलाप, बोलतान, तान हा क्रम ती घडवण्याचा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नव्हे. तो क्रम पाळूनही रिकाम्या हातांनी समेवर येणारे गवई आपण ऐकलेले आहेत.

तुकड्यांविषयी म्हणाल तर आजारानंतर लांब दमसासाची चैन कुमारांना राहिली नव्हती हे उघड आहे. पण उणीव झाकण्याऐवजी त्यांनी विरामालाच कामाला लावले. विरामात श्रोता मुखड्याची वाट पाहतो, आणि वाट पाहणे म्हणजेच ताण. शिवाय एकाच रागात ते अनेक बंदिशी गात, कारण त्यांच्या मते प्रत्येक बंदीश त्या रागाकडे पाहण्याची वेगळी खिडकी होती. हे मान्य केले तर एका मोठ्या चढणीऐवजी चार लहान खेपा दिसतात, प्रत्येक खेप घरी पोचलेली.

सगळेच समर्थन करावे असे मात्र नाही. माझ्या कानाला कुमार काही वेळा धक्क्यासाठी धक्का देतात. आवाज एकदम उसळतो आणि त्या उसळीचे देणे पुढे फिटत नाही, ती जागा उघडीच राहते. ज्या रागांचा पिंडच संथ आहे तिथे त्यांची अधीरता रागाच्या पुढे धावते, आणि मग कोरीव दगडांची तक्रार खरी वाटू लागते. पण ही तक्रारही क्रम मोडल्याची नाही. बाहेर नेलेली वस्तू परत आणली नाही, अशी ती तक्रार आहे. हायडनला जे माप लावले तेच इथे लावले तर कुमारांच्या थोर बैठका खऱ्या उतरतात आणि कमी दर्जाच्या उघड्या पडतात. जे माप दोन्ही गोष्टी दाखवते ते बरे. क्रमाचे माप सगळ्यांनाच सरसकट नापास करते.

५

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमार देवासलाच गेले. २०२४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. सुळेभावीची पाटी गाडीच्या खिडकीतून पूर्वीसारखीच दिसते.

धारचे काका त्यांच्या आधीच गेले. मूलबाळ नव्हते, तेव्हा आत्या बेळगावी, माझ्या वडिलांकडे परत आली. बरोबर एक ट्रंक आणि तबकड्यांचे खोके. ग्रामोफोन तिने तिथेच कोणाला तरी देऊन टाकला होता. आम्हांला वाटले होते, आली की ती पूर्वीची होईल. तसे झाले नाही. ती आमच्याच घरात, आमच्याच ओट्याशी बसून तांदूळ निवडताना माळव्यातली लग्नाची गाणी गुणगुणे. चाल आनंदाची, पण तिच्या आवाजात ती वेगळीच लागे. शेजारच्या बायका म्हणत, तिकडे राहून हिचे मराठी बिघडले. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य कुणा ना कुणाविषयी म्हटलेले असते किंवा स्वतःविषयी ऐकलेले असते.

त्या पंचमांच्या चौकडीतला डी मायनर मला तेव्हा कळला. परत आलेला स्वर मूळ जागीच असतो, पण तो जिथे राहून आला ते गाव त्याच्यात राहते. त्याला बिघडलेला म्हणायचे की भरलेला, हे ऐकणाऱ्याच्या स्मरणावर आहे. ज्याने मधला भाग ऐकलाच नाही त्याला फरक नुसता दोष वाटणार.

पुढे घरात तबकडी वाजवण्याची सोय झाली तेव्हा एका दुपारी आत्याने ते खोके उघडले. माझा मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. तिने त्याला समोर बसवले.

"ध्यान देऊन ऐक," आत्या म्हणाली.

"ऐकूलालोय की," तो म्हणाला.